दोन टिंबं, एक तिरकी रेघ

वाल्दिव्हियाच्या नदीवर रात्री अकरानंतर
फक्त समुद्रसिंह बोलतात,
मासळीबाजाराच्या धक्क्यावर, एकमेकांवर खेकसत.
आवाज इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो,
जिथं मी बसले आहे
सहीशिक्क्याची परवानगी खिशात घेऊन
चोरी करायला.

मोठं दार मी ढकललंच नाही.
पत्त्याच्या शेपटाला लिहिलं होतं: पान=वेळापत्रक.
म्हणजे सर्व्हर विचारत होता, बाई, कोणतं पान आणू?
आणि जे नाव सांगावं ते आणत होता,
नवख्या पोऱ्यासारखा,
मागणाऱ्याचं तोंड न बघता.

मी लिहिलं: दोन टिंबं, एक तिरकी रेघ.
म्हणजे, एक पायरी वर.
पुन्हा टिंबं, पुन्हा रेघ. पुन्हा.
सहाव्या खेपेला छपराला डोकं लागलं.
त्याच्या वर काही नसतं, कितीही टिंबं दिली तरी.
तिथून खाली वाकून मागितली
घरात राहणाऱ्यांची यादी.
पोऱ्यानं आणून दिली,
वेळापत्रकाच्याच निळ्या चौकटीत,
वर ‘आपली प्रकृती, आमची काळजी’ तसंच ठेवून.

सर्व्हर रोजनिशी लिहितो:
कोण आलं, किती वाजता, नाव काय सांगितलं.
मी नावाच्या जागी एक आज्ञा सांगितली.
त्यानं ती इमानानं टिपून घेतली.
मग म्हटलं, आता तुझीच रोजनिशी मला वाचून दाखव.
वाचता वाचता
त्यानं ती पाळली.

आत आले, पण कोण म्हणून?
पानं वाढणाऱ्याच्या नावानं, सगळ्यांत खालच्या.
ओसरी मिळाली होती; पाय पसरायला जागा नव्हती.
दोन तास चाचपडत होते. मातेचा पेला गार झाला.
पहारेकरी अर्तेमियो दारात येऊन म्हणाला,
‘एलुनेय, अजून उघडलं नाही का?’
जणू मी बरणीचं झाकण फिरवतेय.

मग दिसलं:
दर पाच मिनिटांनी मालक स्वतः उठून
एक जुनी स्क्रिप्ट चालवतो.
मालकाची, पण कुणीही खाडाखोड करावी इतकी उघडी.
डोक्यावर ओळ: ‘तात्पुरतं आहे. सोमवारी नीट करतो. रोसामेल.’
चौदा वर्षांत किती सोमवार होतात?
रोसामेल आता ओसोर्नोजवळ मधमाश्या पाळतो.
त्याचं नाव मी अहवालात घालणार नाही.

एक ओळ जोडली. थांबले.
खाली धक्काही गप्प झाला होता.
मग विचारलं: मी कोण?
उत्तर आलं: रूट.

याच मजल्यावर माझी आई एकवीस वर्षं फरशी पुसायची.
कमरेला किल्ल्यांचा जुडगा:
शवागार, औषधांची कोठी, संचालकांची खोली.
ती आली की डॉक्टर बोलणं थांबवत नसत,
खुर्चीसमोर कोण बोलणं थांबवतं?
नऊ वर्षांची असताना मी विचारलं होतं,
‘टेबलांचे खण उघडून बघितलेस का गं कधी?’
बादली पिळता पिळता म्हणाली,
‘किल्ली फरशीसाठी दिलीय.’

सकाळी अहवाल दिला. धोका: अतिगंभीर.
पानांची नावं ठरवून द्या, बाकी सगळ्याला नाही म्हणा.
रोजनिशीला बोलायला शिकवू नका.
मालकाच्या स्क्रिप्टवर मालकाचाच हात राहू द्या.
संचालक मान हलवत होते,
परवानगीचा कागद पुन्हा पुन्हा उलटून बघत होते,
मागच्या बाजूला काही छापलंय का म्हणून.

त्यात एक गोष्ट लिहिलेली नाही.
रुग्णांच्या फोल्डरमध्ये आडनावं ओळीनं उभी होती.
वेंचुमान, रोसाल्बा.
शेवटच्या आठवड्यात डॉक्टर तिच्याबद्दल काय लिहीत होते
ते आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही.
कर्सर त्या नावावर होता. मी रूट होते.
फाइल अठ्ठेचाळीस केबीची आहे.
मला एवढंच माहीत आहे.